नसलेल्या भाचीचं लग्न

बसस्थानकावर त्याचा आवाज सगळ्यांना माहीत होता, तोंड कुणालाच माहीत नव्हतं. चौकशीच्या खिडकीमागे एक खोली होती. बांधली होती कपाट ठेवायला. मग कपाट आलंच नाही, म्हणून माणूस ठेवला. आत एक माइक, मान न फिरवणारा एक टेबलपंखा आणि एक खुर्ची. फलाटांच्या बाजूला काच होती, पण तिच्यावर बाहेरून दातांच्या डॉक्टरची जाहिरात चिकटवलेली. त्यामुळे त्याला जग दिसायचं ते एका हसऱ्या बाईच्या पुढच्या दोन दातांमधल्या फटीतून. त्या फटीतून लागलेली गाडी बघायची आणि बोलायचं, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. चार नंबरच्या फलाटावर उभी असलेली गाडी थोड्याच वेळात सुटत आहे."

आवाज कसा, तर इस्त्री करून घडी घातलेला. वर नाही, खाली नाही. उद्या जगबुडी आली आणि ती त्याने जाहीर केली, तर लोक नुसते फलाट बदलतील. हा आवाज त्याने सैन्यात कमावला होता. ऐन उमेदीची सगळी वर्षं कानाला हेडफोन लावून वायरलेस सेटसमोर गेली होती. नोकरीला लागला त्या आठवड्यात सवयीने प्रत्येक घोषणेच्या शेवटी "ओव्हर" म्हणायचा. एक आजीबाई गाठोडं सावरत खिडकीशी आल्या.

"अगं पोरी, ओव्हर म्हणतोय तो. संपली का माझी गाडी?"

"गाडी नाही हो आजी," खिडकीतली चौकशीवाली म्हणाली, "त्याचं वाक्य संपलं."

तेव्हापासून त्याचं नाव पडलं वायरलेस. ते त्याला इतकं फिट बसलं, की खरं नाव पगाराच्या दिवशी कुणी पुकारलं तर तोच इकडेतिकडे बघायचा.

घर म्हणजे टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर टायरमध्ये हवा भरल्याचा फुस्सऽऽ आवाज. मूलबाळ नाही, भाऊ नाही, बहीण नाही. आईबापांचा एकुलता एक, आणि आता आईबापही नाहीत. बायको शाळेचे गणवेश शिवायची. गेल्या वर्षी एका सकाळी त्याने स्वतःचा जीव संपवायचा प्रयत्न केला. बायको कामाला निघालेली, कोपऱ्यापर्यंत गेली, चष्मा विसरला म्हणून परत आली. म्हणून तो वाचला.

तो वाचला, पण त्यानंतर बायको घराबाहेर पडली की परत यायचीच. छत्री विसरले. रुमाल विसरला. एकदा तर तीन जिने चढून धापा टाकत आली आणि म्हणाली, "अहो, काय विसरले तेच विसरले." तो हसला, तीही हसली, आणि मग ओट्याकडे तोंड करून रडली. पुढे तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. ती महिन्याभरासाठी माहेरी गेली. म्हातारीचा गुडघा केव्हाच धड झाला, म्हातारी टुणटुणीत झाली. बायको काही परतली नाही. दर रविवारी फोन यायचा, गॅस आला का, पाणी येतं का, बरं ठेवते. त्यात तिचीही चूक नव्हती आणि त्याचीही. माणूस दारावर किती दिवस पहारा देणार?

दवाखान्यातून त्याला एका गटात घातलं होतं. गट गुरुवारी सहाला बसायचा, पहिल्या मजल्यावर, जिथे दिवसा लोकांना पुन्हा चालायला शिकवतात त्या हॉलमध्ये. कोपऱ्यात मोठाले रबरी चेंडू. मध्ये धरून चालायचे दोन लोखंडी दांडे. एक चार पायऱ्यांचा लाकडी जिना, इकडून चढायचं, तिकडून उतरायचं, पोचायचं कुठेच नाही. आणि एका अख्ख्या भिंतीला आरसा. त्यामुळे गोल करून बसलं की आरशाकडे पाठ असलेल्या खुर्च्यांसाठी मारामारी. समोर बसणाऱ्याला स्वतःला रडताना बघावं लागायचं, आणि ते कुणालाच परवडणारं नव्हतं. सगळे सैन्यातून निवृत्त झालेले, आणि सगळे कधी ना कधी त्या काठावर जाऊन परत आलेले. त्या खोलीत यायचं तिकीटच ते होतं.

गट चालवणाऱ्या मॅडमना सगळे माघारी 'सावकाश मॅडम' म्हणायचे. कुणाचा आवाज अडला की त्या हात गुडघ्यावर ठेवून म्हणायच्या, "हंऽ. सावकाश. आपल्याला कुठे गाडी पकडायचीये?" वायरलेसला दर वेळी वाटायचं, बाई, मला विचारा, शेवटची नऊ चाळीसची आहे.

दुसरी सिस्टर. सैन्याच्या इस्पितळात आयुष्य काढलेली नर्स, काडीसारखी, आणि बोलणंही काडीसारखंच, एक ओढली की पेटली. "झोप? जेवण? पोट साफ?" असं ती सगळ्यांना आल्या आल्या विचारायची, मॅडमनासुद्धा. आणि तिसरा ड्रायव्हर. सैन्यात मालाचे ट्रक चालवायचा, आता शाळेच्या पोरांची व्हॅन. त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी "विषय संपला" असायचं आणि त्याचा विषय कधीही संपायचा नाही. "माझ्या बायकोला मी सांगितलंय, माझ्या डब्यात वांगं द्यायचं नाही, विषय संपला. म्हणते कशी, वांगं नको तर मग काय देऊ? म्हटलं, काही पण दे, विषय संपला. तर काल काय दिलं? वांगं!" बाकी चारपाच जण होते, पण बोलायची ही दोघंच, बाकीचे ऐकायचे.

पहिल्याच दिवशी मॅडमनी एक नियम सांगितला होता. "खुर्ची रिकामी दिसली, की आम्ही फोन करणार. फोन उचलला नाही, तर दोघं जण तुमच्या दारात. ज्याला हे चालणार नाही त्याने आत्ताच बोलावं."

"दारात येणार म्हणजे चहा टाकावा लागणार," ड्रायव्हर म्हणाला.

"टाका."

"साखर?"

"तुम्हाला शुगर आहे," सिस्टर म्हणाली.

"विषय संपला."

सगळे हसले. वायरलेस हसला नाही, कारण त्याला तो नियम एकदम ओळखीचा वाटला होता. सेटवर हेच असायचं. मुख्य केंद्र एकेका चौकीला ठरलेल्या वेळी हाक मारणार, चौकीने उत्तर द्यायचं. आपण होऊन बडबडायचं नाही. हाक आली की बोलायचं. आणि एखादी चौकी गप्प राहिली, तर बाकीचं सगळं सोडून सगळ्यांनी तिला शोधायचं. त्या हॉलमध्ये त्याला पहिल्यांदा वाटलं, चला, इथली रीत आपल्याला येते.

एकदा, फक्त एकदाच, त्याने तिथे एका चौकीची गोष्ट सांगितली होती. डोंगरावरची चौकी, आत चौघं, वेढ्यात सापडलेले. त्यांच्या सेटचा अर्धा भाग गेला होता. त्यांचं बोलणं ह्याला यायचं, ह्याचं त्यांना जायचं नाही. ते विचारत राहिले, "आवाज येतोय का? कुणाला येतोय का?" आणि हा ओरडत राहिला, "येतोय, येतोय, बोला." चौघं गेले ते कुणीच ऐकत नाही असं समजून. त्याने ती गोष्ट घोषणेच्या आवाजात सांगितली, वर नाही, खाली नाही. संपल्यावर ड्रायव्हरने "विषय संपला" म्हटलं नाही. सिस्टरने पर्समधून एक खडीसाखरेचा खडा काढून त्याच्या हातावर ठेवला.

तर अशा सगळ्या बऱ्यापैकी चाललेल्या दिवसांत एका गुरुवारी आगाराच्या साहेबांनी त्याला बोलावलं. साहेब म्हणजे आनंदी माणूस. वाईट बातमी सांगतानाही पेढा दिल्यासारखी सांगायचे.

"या या या! तुमच्यासाठी खूशखबर! आता मशीन येणार. रोज रोज घसा फोडायला नको. दोन दिवस बसायचं, सगळ्या घोषणा तुमच्याच आवाजात भरून घ्यायच्या, की झालं! पुढच्या महिन्यापासून तुम्ही आरामात पार्सलच्या खोलीत."

"आणि आवाज?"

"तोच की! तुमचाच! अहो, तेच तर सांगतोय," साहेबांनी टेबलावर थाप मारली, "तुम्ही असा नसा, आवाज कायम!"

साहेबांच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. पण 'तुम्ही असा नसा' हे तीन शब्द त्याच्या बरोबर खोलीत आले, पंख्यासमोर बसले, दुपारी त्याच्यासोबत घरी निघाले.

घरी आल्यावर त्याने गटाला जायचे कपडे पलंगावर काढून ठेवले आणि घातले नाहीत. गेल्या वर्षीचा तो विचार आला होता. धडधडत वगैरे नाही. जुना पाहुणा येतो तसा, चपला बाहेर काढून, पंखा लावून, इथेच तर बसायचो आपण म्हणत. वायरलेसला त्या विचाराची भीती वाटली. गेल्या वर्षी वाटली नव्हती, एवढाच फरक.

त्याला फोन करता आला असता. मॅडमचा नंबर होता, सिस्टरचा होता. पण बोटं उठेनात. जन्मभर कानात भरलेलं, हाक आल्याशिवाय बोलायचं नाही. आणि नियम होताच ना. खुर्ची रिकामी दिसली की फोन येणारच. आला, की पहिलाच शब्द 'या' असा म्हणायचा, हे त्याने ठरवलं. कसं काय, बरंय, असलं काही नाही. नुसतं 'या'. त्याने फोन जेवायच्या टेबलावर मधोमध ठेवला, समोर बसला आणि सहा वाजायची वाट बघू लागला.

सहा वाजले. भिंतीवरचं ऊन कॅलेंडरवरून कपाटावर गेलं. खाली टायरवाला कुणालातरी सांगत होता, "पंक्चर नाही हो काका, वॉल गेलाय वॉल." फुस्सऽऽ. फोन गप्प. मॅडम उशिरा आल्या असतील. फोन गप्प. ऊन कपाटावरून उतरलं. आता तर सगळ्यांचं एकेकदा बोलून झालं असेल. फोन असा गप्प, की त्याला तो फोन न वाटता साबणाची वडी वाटायला लागला.

संपलं, त्याच्या मनात आलं. खुर्ची रिकामी दिसली आणि कुणाला काही वाटलं नाही. असा नसा.

दुसरा कुणी असता तर इथेच बसून राहिला असता. पण वायरलेसवाल्यांची एक रीत असते. सेट शिकवणारे त्याचे उस्ताद म्हणायचे, "हाक आली नाही, तर आधी सेटला शिव्या घाला, मग माणसाला." समोरचा आपल्याला विसरला असं धरून चालायचंच नाही. कदाचित तो ओरडतोय आणि आपलंच यंत्र मेलंय. त्या चौघांना हे कुणी सांगितलं असतं तर? त्याने फोन उचलला. चार्ज होता. घंटीचा आवाज पूर्ण होता. तरी काय सांगावं? त्याने पाठ असलेला एकच नंबर लावला, त्याच्याच कचेरीचा.

"चौकशी."

"माझा आवाज येतोय का?"

"येतोय. कुठली गाडी?"

"गाडी नाही. मी बोलतोय. मागच्या खोलीतला."

"अय्या, वायरलेस? इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकते आणि फोनवर ओळखला नाही बघा. काय झालं?"

"फोन तपासतोय. तुम्ही मला उलटा लावता का जरा? वाजतो का बघायचंय."

"इथे रांग लागलीये हो माझ्यापुढे. आठ वीस! आठ. वीस. अहो काका, आजच, उद्याचं उद्या. हां, तुम्ही ठेवा, लावते."

त्याने ठेवला. आणि फोन वाजला. त्या रिकाम्या खोलीत इतका वाजला, की तो दचकला आणि नुसता बघत राहिला. मग उचलला.

"वाजला?"

"वाजला."

"मग झालं की. कुणाची वाट बघताय? वहिनींची?"

"नाही. म्हणजे, कुणाचीच नाही."

पलीकडून ती म्हणाली, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला? माइकवर कळत नाही, पण असं ऐकलं की आवाज वेगळाच लागतोय. कुणाला बोलवू का? अहो मावशी, ढकलू नका! ऐकताय ना?"

"ऐकतोय. नको. मी जातोच आहे एके ठिकाणी," तो म्हणाला. बोलून गेला आणि मग त्याला कळलं, की तो खरंच निघालाय. सेट चांगला होता. म्हणजे हाकच मारली नव्हती. आता माणसाला शिव्या घालायची पाळी होती, आणि त्यासाठी जायला हवं होतं. तोवर जे पाय उठत नव्हते, ते रागाने उठवले. कपडे तेच, पायात घरातल्या स्लिपर. दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यावर तो मनातल्या मनात भाषण रचत होता. नियम कशाला करता, पाळायचे नसतील तर? ज्याला चालणार नाही त्याने आत्ताच बोलावं म्हणे!

हॉलच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती. त्याने आत बघितलं आणि त्याचं भाषण विरघळलं. गोल पूर्ण होता. खुर्ची रिकामी नव्हतीच, खुर्चीच नव्हती. ती उचलून भिंतीला लावली होती आणि तिच्यावर ड्रायव्हरचं जाकीट पडलं होतं. सगळे थोडे थोडे सरकून बसले होते, फट राहिली नव्हती. आणि हसत होते. समोरच्या आरशात त्याला त्या सगळ्यांच्या पाठीमागे, दाराच्या काचेत, स्वतःचा टाचणीएवढा चेहरा दिसला.

तो वळला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पोचला असेल नसेल, तोच मागे दार उघडलं. ड्रायव्हर बाहेर येत होता, पँट सावरत. त्याची लघवीची घाई सगळ्या गटाला माहीत होती.

"अरे!" ड्रायव्हर थबकला, मग डोळा मारून खालच्या आवाजात म्हणाला, "आलास होय? मग उगाच लग्न लावलं मी."

"कुणाचं लग्न?"

"तुझ्या भाचीचं! मॅडमनी विचारलं, वायरलेस कुठे. म्हटलं, आज भाचीचं लग्न आहे त्याच्या, मला सांगून गेलाय, विषय संपला. सिस्टर विचारते, मुलगा काय करतो? म्हटलं बँकेत आहे. सगळ्यांनी तुझं अभिनंदन केलंय लेका, पेढे आण पुढच्या वेळी."

"मला बहीण नाही," वायरलेस म्हणाला.

"ते कुणाला माहितीये?" ड्रायव्हर हसला. "अरे, कंटाळा आला असेल, दांडी मारली असेल, म्हणून कव्हर दिलं तुला. आपल्याकडे हजेरीला कुणी नसला तर काय करायचो? आपला माणूस उघडा पडू द्यायचा नाही. सवय रे. तोंडातून निघालंच ते."

"मला उघडं पडायचं होतं," वायरलेस म्हणाला.

"काय?"

"मी फोनसमोर बसलो होतो. सहा वाजल्यापासून. फोन येईल म्हणून. मला उघडं पडायचं होतं रे."

हे बोलताना त्याचा आवाज मधेच वर गेला आणि वरच फाटला. ड्रायव्हर बोलायला गेला, "म्हणजे तू आज," आणि थांबला. त्याला विषय संपवता येईना. मग त्याने एक गोष्ट केली: वायरलेसचं मनगट घट्ट धरलं, दार खांद्याने ढकललं आणि त्याला तसाच आत घेऊन गेला.

"मॅडम," तो म्हणाला, "भाचीबिची कुणी नाही. मी खोटं बोललो. ह्याला फोन करायला हवा होता."

हसणं बंद झालं. मॅडम उठल्या. त्यांनी सावकाश म्हटलं नाही. जाकीट उचलून एकाकडे दिलं, खुर्ची स्वतः ओढून आणली, पण घाईत ती लागली नेमकी आरशासमोर. वायरलेस बसला. समोर स्लिपर घातलेला एक माणूस बसला होता. वायरलेसने त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि जमिनीकडे बघितलं.

सगळ्यांना माहीत होतं काय विचारायचं ते, आणि म्हणूनच कुणी विचारत नव्हतं. शेवटी सिस्टरने खुर्ची पुढे घेतली.

"परत जीव द्यावासा वाटतोय?"

"हो."

"आज?"

"आज. घरी गेलो तर माझी मला खात्री नाही."

"बरं झालं बोललास," सिस्टर म्हणाली. "मग आज घरी जायचं नाही." ताप बघितल्यावर गोळी सांगतात तशी म्हणाली. त्या सरळ बोलण्याने त्याला जे वाटलं, ते त्याला त्या हॉलमध्ये कधी वाटलं नव्हतं: आपण काही भयंकर बोललो नाही, दुखतंय कुठे ते बोललो.

मॅडमनी खाली ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन केला. मग गटाला म्हणाल्या, "आजपासून कुणाचंही उत्तर दुसऱ्याने द्यायचं नाही. कितीही जवळचा असो. ज्याचं त्याने." ड्रायव्हर मान खाली घालून ऐकत होता. "ऐकलंत?" त्यांनी त्याला विचारलं. तो नुसतं "हो" म्हणाला. तेवढंच वाक्य, शेपटीशिवाय.

खाली तपासणीच्या खोलीबाहेर एक बाक होता. मॅडम आत डॉक्टरांशी बोलत होत्या. ड्रायव्हर सोबत थांबला होता, जाकीट उलटं घालून. वायरलेसला त्याची दया आली आणि रागही तसाच होता. दोन्ही शेजारी शेजारी बसली होती, त्या दोघांसारखी. इतकी माणसं मिळाली, खुर्ची मिळाली, हात धरणारा मिळाला, तरी त्या बाकावर त्याला फार एकटं वाटत होतं. जे होतं ते त्याच्या एकट्याच्या आत होतं. बाहेरचे लोक फार तर दारापर्यंत येऊ शकत होते.

मॅडमनी दारातून डोकं काढलं. "रात्री इथेच ठेवतील. घरच्यांना कळवायला हवं. मी करू, की तुम्ही?"

तो "तुम्ही" म्हणणार होता. मग म्हणाला, "मी."

बायकोचा फोन बराच वेळ वाजत राहिला. उचलला गेला, पण पलीकडून शब्द नाही. नुसता श्वास.

"हॅलो," तो म्हणाला.

"कोण?"

"मी."

"तुम्हीच आहात?"

"मीच."

तिने जोरात श्वास सोडला. "आज गुरुवार आहे हो," ती म्हणाली. "तुमचा नंबर दिसला, मला वाटलं पोलीस बोलणार. नाहीतर तो खालचा टायरवाला. उचलायचा धीरच होईना. रविवारी मीच का करते फोन, माहितीये? तुम्ही केलेला मला झेपायचा नाही म्हणून."

"ऐक. मी दवाखान्यात आहे. मी काही केलेलं नाही. पण आज परत तसं वाटायला लागलं, म्हणून स्वतः आलोय."

पलीकडे मागून सासूबाईंचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"हे आहेत, आई."

"आज? का?"

"आई, तू जरा गप्प बस ना." मग ती त्याला म्हणाली, "सकाळी निघते मी. पण घरी नाही येणार हं. खरं सांगते, त्या जिन्याची भीती वाटते मला. वर काय असेल, असं वाटत राहतं. दवाखान्यात येईन. पुढचं नाही माहीत."

"चालेल," तो म्हणाला. आणि खरंच चालणार होतं, कारण ती खोटं बोलली नव्हती.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, पेन कानामागे. "घरचे आहेत का? द्या, मी बोलतो त्यांच्याशी."

तिने ते ऐकलं. "नको," ती घाईघाईने म्हणाली. "फोन कुणाला देऊ नका. त्यांच्याशी मी नंतर बोलेन. तुम्हीच बोला."

"काय बोलू?"

"काहीही. आवाज येऊ दे तुमचा."

आयुष्यभर दुसऱ्याने लिहून दिलेलं वाचलेल्या माणसाला काहीही म्हणजे काय बोलायचं ते सुचेना. तो इकडेतिकडे बघू लागला. डॉक्टर दाराला टेकून थांबले.

"भिंत आहे," तो म्हणाला. "खाली हिरवी, वर पांढरी. पोपडे आलेत."

"हं."

"इथे बाक आहे. माझ्याशेजारी एक जण बसलाय, मित्र आहे. जाकीट उलटं घातलंय त्याने, त्याला माहीत नाहीये."

ड्रायव्हरने दचकून स्वतःच्या पोटाकडे बघितलं. फोनमध्ये तिने नाक ओढलं. रडत होती की हसत होती, ते कळायला मार्ग नव्हता. "मग?"

"वजनाचा काटा आहे. त्याच्यावर कागद लावलाय, बिघडला आहे म्हणून." त्याचा आवाज चिरकला, खाली गेला, परत वर आला, आता तो कुठल्याच फलाटावर चालला नसता. "एक म्हातारे आलेत. चढतायत त्याच्यावर."

"बिघडलाय ना?"

"बिघडलाय. कागद वाचला त्यांनी. तरी चढले."

"किती भरले?"

"थांब," तो म्हणाला, आणि फोन कानाशी धरून, बाकावरून थोडासा उठून, बघायला वाकला.